भरती बघून दिवस बांधा

प्रश्न: आम्ही कळव्याचे चौघे. मी, माझा भाऊ, ऑफिसमधली एक मैत्रीण आणि माझे बाबा. तीन वर्षांपासून पक्षी बघतोय. यंदा हिवाळ्यातल्या बर्ड रेसमध्ये, म्हणजे एका दिवसात पक्ष्यांच्या जास्तीत जास्त जाती नोंदवायच्या शर्यतीत, पहिल्यांदाच संघ म्हणून उतरायचं ठरवलंय. ठाणे-नवी मुंबई आणि फार तर उरण, याच्या पलीकडे जायचं नाही. दिवसभरात किती ठिकाणं करावीत? आधी येऊरचं जंगल की आधी ठाण्याची खाडी? बाबांचे गुडघे दुखतात, त्यांना हे झेपेल का?

उत्तर: आधी येऊर की आधी खाडी, हे तिथीवर ठरतं. रेसचा रविवार जाहीर झाला की मी गाडी, डबा, दुर्बीण यांच्या आधी भिंतीवरची दिनदर्शिका बघते. मुंबईची बर्ड रेस २००५ साली सुरू झाली. त्यानंतर काही वर्षांनी मी पहिल्यांदा उतरले. तेव्हा आमच्या संघाने पहाटेपासून संध्याकाळपर्यंत नुसती धावाधाव केली होती. सात ठिकाणं झाली, पण खाडीवर पोचलो तेव्हा पूर्ण ओहोटी होती. पाणी कुठेतरी क्षितिजाला, मध्ये अफाट चिखल, आणि त्यावर हजारो ठिपके. स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण, लावूनही कोण कुठला ते कळेना. त्या दिवशी दिवाळे कोळीवाड्यातले एक तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, बंधाऱ्यावर जाळं नीट करत बसले होते. त्यांनी विचारलं, आज तिथी कुठली? आम्हा चौघांपैकी एकालाही सांगता आली नाही.

त्यांनी शिकवलेला हिशोब कोकण किनाऱ्यावर सगळीकडे चालतो. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच, आणि दिवसातून दोनदा. पौर्णिमा-अमावास्येला तो थोडा मागे पडतो. सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात भरती बाराच्या आसपास असते. ठाण्याची खाडी २६ किलोमीटर आत शिरलेली आहे, त्यामुळे मुंबई बंदरात भरती झाल्यावर ऐरोलीपर्यंत पाणी चढायला आणखी वेळ लागतो. नेमकी वेळ आणि उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतेच, तो बघाच. पण पाऊणपटीचा हिशोब डोक्यात असला की कुठल्याही रविवारचा आराखडा चहा पिता पिता मांडता येतो.

दुसरी गोष्ट म्हणजे उधाण की भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, चिखल पुरता झाकला जातो आणि पाखरांना काठाकडे सरकावंच लागतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती. पाणी येतं, पण खाडीत चिखलाचे पट्टे उघडेच राहतात आणि पक्षी तिथेच दूर बसून राहतात. हिवाळ्यात आणखी एक बारकावा असतो. आपल्याकडे या दिवसांत रात्रीची भरती मोठी आणि दुपारची त्या मानाने कमी असते, पावसाळ्यात याच्या उलट. म्हणून तक्त्यात नुसती वेळ बघू नका, दिवसाच्या भरतीचे मीटरही बघा. चारच्या वर असेल तर समाधानाने झोपा.

एवढं सगळं कशासाठी? तुतारी, गॉडविट, रेडशँक, कर्ल्यू, चिखल्या ही सगळी मंडळी ओहोटीच्या चिखलात चरतात. पाणी उतरलं की ती किलोमीटरभर पसरतात. पाणी चढायला लागलं की त्यांची जेवणाची जागा आक्रसत जाते आणि ती गर्दी करत तुमच्या दिशेने सरकतात. शेवटी चिखल संपला की उठून बंधाऱ्याच्या आतल्या तळ्यांत विसाव्याला येतात. पूर्ण भरतीच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा अर्धा-पाऊण तास, एवढ्या वेळात काठावर जिथे पाखरं तुमच्याकडे चालत येतात अशा जागी तुम्ही असायला हवं. बाकीचा दिवस या दोन तासांभोवती गुंफायचा.

आता उजेडाचं. नवी मुंबईच्या काठावर उभं राहिलं की खाडी पश्चिमेला येते. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि पाखराच्या पायाचा रंगसुद्धा स्पष्ट दिसतो. दुपारी तीननंतर तोच सूर्य समोर येतो, पाणी चकाकतं आणि सगळे पक्षी काळे दिसायला लागतात. मुंबईच्या काठाचं बरोबर उलटं. म्हणून तुमच्या रविवारी भरती संध्याकाळी सहाच्या सुमारास येत असेल तर ऐरोलीचा पूल ओलांडून भांडुपच्या बाजूला जा. तिथल्या प्रवेशाचे नियम मात्र आधी विचारून घ्या. भरती दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान येत असेल तर नेरुळ-सीवूड्सचा काठ उत्तम. आणि ती पहाटेच असेल तर खरी पंचाईत. तेव्हा जंगल आणि खाडी एकाच वेळी हाक मारतात. अशा वर्षी मी जंगल निवडते. रानातला पक्षी साडेनऊनंतर गप्प होतो आणि पुन्हा हाती लागत नाही. खाडीवर तुरळक का होईना, काहीतरी दिवसभर दिसत राहतं.

आमचा सगळ्यात चांगला जमून आलेला दिवस सांगते, म्हणजे वेळांचा अंदाज येईल. माघ वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीडला भरती, म्हणजे सकाळी सातच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पहाटे खाडीवर जाण्यात काही अर्थ नव्हता. येऊर नक्की झालं.

सव्वासहाला आम्ही उपवनवरून वर चढून फाटकाबाहेर गाडी लावली. आत कधी सोडतात आणि काय परवानगी लागते हे आदल्या आठवड्यात जाऊन विचारलं होतं. तुम्हीही विचारा, कारण ते राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे पाऊण तास अंधार होता. त्या अंधारात जागचं न हलता चार नोंदी झाल्या: रातव्याची एका तालातली ठोक, रानपिंगळ्याचा घरंगळत जाणारा आवाज, लांबून मोर, आणि फटफटायच्या जरा आधी भारद्वाजाचा खोल घुमारा. दुर्बिणी गळ्यातच होत्या. बर्ड रेसची निम्मी कमाई कानांची असते. आमच्यात एक निवृत्त मोटरमन काका आहेत. त्यांची नजर आता अधू झाली आहे, पण वॉर्बलर नावाच्या छोट्या पाखरांची ‘टक्’ आणि ‘चिस्वी’ ते पन्नास पावलांवरून वेगळी काढतात. ब्लिथ्स रीड वॉर्बलर झुडपात टक् टक् करतो, ग्रीनिश वॉर्बलर वरच्या फांद्यांत चिस्वी म्हणतो. दोघेही बघायला गेलात तर दहा-दहा मिनिटं खातील. ऐकून दोन सेकंदांत होतात.

उजाडल्यावर पहिल्यांदा उंच, निष्पर्ण शेंड्यांकडे बघा. रात्रभर गारठलेली हरियलं कोवळं ऊन खात तिथे बसलेली असतात, शेजारी तांबट, कुठे पोपट, कुठे राखी धनेशाची जोडी. पंधरा-वीस मिनिटांत ती पांगतात. मग वाटेने हळूहळू चला, आणि मिश्र थवा भेटला की थांबा. नाचण शेपटी पसरून नाचताना दिसला की समजा, मागून बाकीची वरात येते आहे: सुभग, मोनार्क, टिकेल्सचा निळा माशीमार, कधी नीलांग, खाली पाचोळ्यात बॅबलर. थवा तुमच्या अंगावरून जाऊ द्या. त्याच्या मागे धावलात की तो तुटतो.

त्या दिवशी आमचा सगळ्यात जास्त वेळ एका काटेसावरीखाली गेला. पान एक नाही आणि झाड लाल फुलांनी लगडलेलं. सावरीचं फूल जवळून बघितलंय का? पाकळी जाड, तुकतुकीत, मेणाची असावी तशी, आणि वाटीच्या तळाशी मध खरोखर साचलेला असतो. दर मिनिटाला एक फूल देठापासून सुटून थप्प आवाज करत खाली पडत होतं. वर भोरड्यांचा गोंगाट, जंगल मैना, कोतवाल, लीफबर्ड, बुलबुल, तुईया, तीन प्रकारचे शिंजीर. कोतवालाचं कपाळ परागांनी पिवळं झालं होतं, त्यामुळे क्षणभर कुठला नवाच पक्षी वाटला. आमच्या संघातली सर्वात धाकटी, नर्सिंग शिकणारी मुलगी, नोंदवही घेऊन झाडाच्या बुंध्याशी पाठ टेकून बसली आणि आम्ही नावं पुकारत गेलो. वीस मिनिटांत चौदा जाती. त्याच वीस मिनिटांत चालत राहिलो असतो तर चारही झाल्या नसत्या. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत काटेसावर आणि पांगारा फुललेले असतात. तुमच्या येऊरच्या सरावफेऱ्यांत फुलावर येणारी तीन-चार झाडं हेरून ठेवा. रेसच्या दिवशी ती तुमच्यासाठी काम करतील.

सव्वानऊला ऊन तापायला लागलं की आकाशाकडे बघायला सुरुवात करा. गरम हवा वर चढते तसे शिकारी पक्षी उठतात. सर्पगरुडाची लांब, चढत जाणारी शीळ आधी ऐकू येते, मग तो घिरट्या घेत दिसतो. तो एकदा वर आला की मी जंगल आवरतं घेते. पावणेदहाला आम्ही गाडीत होतो, यादीत ५६ नावं होती.

पाड्यांमधून जाताना एक सांभाळा. येऊरच्या पाड्यांवर लोकांची घरं आहेत, अंगणात बाया आंघोळीचं पाणी तापवत असतात, पोरं खेळत असतात. अंगणातल्या उंबरावर कितीही चांगला पक्षी असो, दुर्बीण घराकडे रोखू नका. विचारा. विचारलं तर लोक आनंदाने आत बोलावतात, आणि घुबड दिवसा कुठल्या झाडात बसतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

ठाणे-बेलापूर रस्त्याने नेरुळ गाठायला रविवारी सकाळी पाऊण तास लागला. खाणं गाडीतच. थालीपीठ, केळी, चिक्की. हॉटेलात बसायचं नाही. जेवणाच्या एका तासाची किंमत खाडीवर दहा जातींची असते.

अकरा वाजता आम्ही नेरुळच्या काठावर स्कोप लावला तेव्हा पाणी अजून दीडशे-दोनशे मीटरवर होतं. रोहितांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, गुलाबी रेघ त्याच्याही पलीकडे. मग काही करायचं नव्हतं, फक्त उभं राहायचं होतं. ही वाट बघणं नव्या संघांना जमत नाही. दहा मिनिटं झाली की कुणीतरी म्हणतं, ‘चला, तोवर दुसरीकडे जाऊन येऊ.’ जाऊ नका. पाणी जवळजवळ न दिसता चढतं. समोरचा एखादा दगड किंवा तिवराचा खुंट हेरून ठेवा आणि त्याच्याकडे अधूनमधून बघा. साडेअकराला आमचा खुंट कोरडा होता, बाराला त्याच्या बुडाशी पाणी, सव्वाबाराला तो बुडाला, आणि चिखलाचा पट्टा वीस-पंचवीस मीटर एवढाच उरला. त्या पट्ट्यात जे काही खाडीत होतं ते सगळं दाटीवाटीने उभं.

आता घाई करायची ती इथे. एकाने डावीकडून, एकाने उजवीकडून बघत मध्यावर यायचं, तिसऱ्याने हवेत लक्ष ठेवायचं, चौथ्याने लिहायचं. काळ्या शेपटीचे गॉडविट पोटापर्यंत पाण्यात उभे राहून सरळ लांब चोच बुडाशी खुपसत होते. शेकाट्या, रेडशँक, ग्रीनशँक, कर्ल्यू. व्हिम्ब्रेल दिसायच्या आधी ऐकू आला, सलग सात शिट्या एका सुरात. कर्ल्यू सँडपायपर आणि लिटल स्टिंट यांच्या झुंडी. आणि त्यांच्यात एकच टेरेक सँडपायपर: वर वळलेली चोच, नारिंगी पाय, आणि मान खाली घालून असा धावणारा की जणू कुणी मागे लागलंय. धावण्याच्या पद्धतीवरून तो सापडतो, म्हणून स्थिर पाखरांकडे बघत असताना नजरेच्या कडेला जे पळतंय त्याकडे वळा.

चिखल्यांबद्दल एक सूचना. जुन्या पुस्तकांत लेसर सँड प्लोव्हर म्हणून जो पक्षी आहे, त्याच्या २०२३ पासून ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाच्या यादीत दोन स्वतंत्र जाती झाल्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळ्यात येतो तो तिबेटन सँड प्लोव्हर. नोंदवहीत जुनं नाव लिहून संध्याकाळी घोळ घालू नका, आयोजकांनी त्या वर्षी दिलेली यादी आधी वाचून ठेवा.

रोहित तोवर शंभर मीटरवर आले होते. पुरे जवळ आले की त्यांचा आवाज ऐका, बदकांच्या कळपासारखी अखंड कुजबुज. दोन जाती वेगळ्या काढायला चोच बघा. लहान रोहिताची चोच सबंध गडद, लांबून काळीच वाटते. मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. शिवाय तो उंच आणि जास्त पांढरा. आपल्या खाडीत बहुसंख्य लहान रोहित असतात, चांगल्या वर्षी सगळे मिळून लाखावर. हजारभर लहानांमध्ये दोन-चार मान उंच काढलेले मोठे शोधायचे, म्हणजे दोन नोंदी होतात. पण नोंद झाल्यावर लगेच दुर्बीण हलवू नका, एवढं माझं ऐका. डोकं उलटं करून ते चोचीने पाणी गाळतात, पायांनी जागच्या जागी चिखल ढवळतात, आणि शेकडो पक्षी एका दिशेने सरकत असताना पाण्यावर गढूळ रेघा उमटत जातात. या पक्ष्यांमुळे २०१५ साली खाडीचा मोठा भाग रोहित अभयारण्य झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ हा दर्जा, मिळाला. दोन मिनिटं त्यांना द्या. रेस तेवढ्याने हरत नाही.

बाराचाळीसला अख्खा पट्टा एकदम उठला. भरतीला अजून वेळ होता. अवेळी सगळे उठले की पाखरांकडे नाही, आकाशाकडे बघायचं. बहिरी ससाणा खाडीवरून सरळ आत घुसला, झुंडीतून आरपार गेला, रिकाम्या पायांनी वर आला आणि वाशीकडे निघून गेला. आठ सेकंद असतील. हवेकडे लक्ष ठेवायचं काम ज्याच्याकडे होतं त्याने वेळेवर ओरडून सांगितलं म्हणून तो चौघांनाही दिसला. एकालाच दिसला असता तर मी तो लिहू दिला नसता.

एकच्या पुढे पाखरं उठून बंधाऱ्याच्या आत, टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागच्या पाणथळीकडे जायला लागली. आम्हीही वळलो. तिथे तीच मंडळी एका पायावर, चोच पाठीत खुपसून झोपलेली. दमलेल्या, झोपलेल्या पाखराजवळ जाऊ नये. त्याने ऊर्जा वाचवायला ही जागा निवडलेली असते आणि आपण चार पावलं पुढे टाकली की हजार पाखरं उडतात. डीपीएस शाळेजवळचा तलावही तिथून जवळच आहे, पण तिथे जायच्या आधी आठवडाभर त्याची हालहवाल बघून या. खाडीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या की तलाव शेवाळाने हिरवागार होतो आणि रोहित पाठ फिरवतात. वाटा मोकळ्या असल्या की तोच तलाव गुलाबी होतो. मी दोन्ही पाहिलं आहे. उरणच्या पाणजे पाणथळीचंही तेच. या जागा जिवंत आहेत ते फक्त पाणी येतं-जातं म्हणून, आणि ते थांबलं की वर्षभरात ओसाड पडतात. तुम्ही रेसच्या निमित्ताने जी नोंद कराल, आज कुठली वाट उघडी, कुठली बंद, पाणी किती, पाखरं किती, ती फोटोसकट जपून ठेवा. या पाणथळींसाठी भांडणाऱ्या लोकांना अशाच तारीखवार नोंदी लागतात. मला रेसचं मोल या नोंदींमुळे वाटतं.

दुपारी अडीचला उरणच्या बाजूला. आता नेरुळ आणि बेलापूरहून उरणपर्यंत लोकल जाते, जानेवारी २०२४ पासून, त्यामुळे सरावफेऱ्या गाडीशिवायही होतील. रेसच्या दिवशी मात्र गाडी हवीच. तिथे थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू बदक, वारकरी, चित्रबलाक, चमच्या, शराटी पटापट झाले. मार्श हॅरिअर बेटासारख्या लव्हाळ्यांवरून डुलत गेला आणि सगळी बदकं उठवून गेला.

आणि मग तो गरुड. विजेच्या मनोऱ्यावर, चारशे मीटरवर, सूर्य बरोबर त्याच्या मागे. गडद, भरदार, आखूड शेपटीचा. दोघे म्हणाले ग्रेटर स्पॉटेड, कारण तो या भागात हिवाळ्यात येतोच. काका म्हणाले, ‘येतो हे मला ठाऊक आहे, पण हा तोच कशावरून?’ इंडियन स्पॉटेड असेल तर तोंडाची चीर डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, ग्रेटरची डोळ्याच्या मध्याशी थांबते. ती चीर दिसण्याएवढा उजेड नव्हता. आम्ही पंचवीस मिनिटं थांबलो. तो उडाला नाही, वळला नाही. शेवटी धाकटीने वहीत ‘गरुड, जात कळली नाही’ असं लिहिलं आणि आकडा दिला नाही. तो न लिहिणं बरोबरच होतं. पंचवीस मिनिटं थांबणं चूक होतं, आणि ती माझी चूक. पुढच्या माळरानावर पोचलो तेव्हा ऊन कललं होतं, चंडोल आणि दोन तीरचिमण्या तेवढ्या मिळाल्या. तेव्हापासून आमचा नियम आहे: एका पाखराला दहा मिनिटं, घड्याळ लावून. सर्पगरुड असो की शिक्रा.

नोंदीविषयी तुमच्या चौघांत आधीच बोलणं होऊ द्या. किती जणांनी पाहिला-ऐकला असावा याचा नियम आयोजक देतात. त्याहून कडक नियम स्वतःचा ठेवा. नाव पुकारणाऱ्याने लक्षण सांगायचं: ‘ग्रीनशँक, चोच किंचित वर, पाय हिरवट’. लक्षण सांगता आलं नाही तर लिहायचं नाही. भावाला वाईट वाटेल, वाटू द्या. दमलेल्या डोळ्यांना संध्याकाळी पाचला जे दिसावंसं वाटतं तेच दिसतं. पायात रंगीत कडं किंवा झेंडी असलेला पक्षी दिसला तर रंग, कोणता पाय, अक्षरं लिहून घ्या आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा. त्या एका नोंदीतून पाखरू कुठून आलं ते कळतं.

आवाज वाजवून पाखराला बाहेर काढू नका. मोबाईलवर हाक वाजवली की नर आपली हद्द राखायला बाहेर येतो, आणि रविवारी तीस संघ तेच करणार असतील तर त्याचा अख्खा दिवस खोट्या शत्रूशी भांडण्यात जाईल. पुलांवरून कुरवांना शेव-गाठी टाकणारी माणसं भेटतील. त्यांच्याशी दोन मिनिटं नम्रपणे बोला, तळलेलं मीठ-तिखट समुद्रपक्ष्याचं खाणं नव्हे एवढं तरी सांगा. कोळी दादांच्या बांधावर चढायच्या आधी त्यांना विचारा.

सूर्य साडेसहाच्या जरा पुढे मावळला. शेवटची नोंद तिवरांतून उठलेल्या रातबगळ्यांची. एक क्वॉक, मग दुसरा, मग अंधूक आकाशात दहा-बारा सावल्या. आकडा १२८. जिंकणाऱ्या संघांपेक्षा कमी होता, पण त्यातलं एकही नाव आजही मी खोडणार नाही.

तुम्ही विचारलंत किती ठिकाणं. तीन. एक जंगल, एक खाडीकाठ, एक आतली पाणथळ आणि तिला लागून असलेलं माळरान. पहिल्या वर्षी शंभर झाले तर उत्तम झालं असं समजा. तयारी मात्र आत्तापासून करा. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, तेव्हाच पाहुणे पक्षी येऊन स्थिरावलेले असतात. तिथून दर रविवारी एकच जागा, पण वेगवेगळ्या तिथींना. वीस आवाज पाठ करा, ते वीस रोज कळव्यातल्या तुमच्या खिडकीतूनही ऐकू येतील: दयाळ, शिंपी, तांबट, शिंजीर, वटवट्या. हे पाठ असले की जंगलात उरलेला प्रत्येक अनोळखी आवाज आपोआप वेगळा पडतो.

आणि बाबा. त्यांना न्याच. येऊरला त्यांना पूर्ण वाट चालायला लावू नका. पहिल्या सावरीपाशी घडीची खुर्ची टाका, तुम्ही तिघे पुढे जाऊन या. परत याल तेव्हा त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त नावं असतील. खाडीवर तर खुर्ची हवीच, दीड तास तिथेच काढायचा आहे. स्कोपचा स्टँड त्यांच्या डोळ्याच्या उंचीला उतरवून ठेवा, टोपी आणि पाणी जवळ द्या, डासांचं मलम विसरू नका. वही त्यांच्याकडे. आणि समोरचा एक खुंट दाखवून सांगा, हा बुडायला लागला की आम्हाला हाक मारा.